महाडची वाट आणि गावकीची खोली

महाड म्हटलं की १९ व २० मार्च १९२७ ची परिषद, चवदार तळ्याचं पाणी आणि २५ डिसेंबरचं मनुस्मृतिदहन आपण सांगतो. सांगायलाच हवं. पण हजारो माणसे तिथे पोहोचली कशी, हे भाषणांतून सहसा येत नाही. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. ‘मूकनायक’ बंद पडलेले आणि ‘बहिष्कृत भारत’ निघाले ते परिषद झाल्यावर, ३ एप्रिलला. मग निरोप गेला कुणाकडून?

निरोप माणसांनीच नेला. कुलाबा-रत्नागिरीकडचे आपले लोक मुंबईत गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबत होते. काम लागायचं ते ओळखीवर, जॉबरच्या नाहीतर भावकीतल्या कुणाच्या शब्दावर. साचेखात्यात आपल्याला घेत नसत, कारण नवी कांडी लावताना धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागे आणि त्याचा म्हणे विटाळ होई! कापडाला विटाळ नाही, पैशाला नाही, धोट्याला मात्र आहे. म्हणून आपली माणसे त्रासनखात्यात एकवटली. काम एका खात्यात आणि राहणं गावकीच्या एका खोलीत. गावी कोण जाणार, कुठल्या बोटीने, सोबत कोण, कुणाचे पैसे आणि कुणाचा निरोप न्यायचा, सगळं त्या खोलीत ठरायचं. परिषदेची हाक याच वाटेने गावोगाव गेली. तिकडे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे त्याच मुलखातले कार्यकर्ते होते. त्यांना वाड्या-वस्त्या पाठ होत्या.

पण निरोप विरोधकांचेही जात होते, हे विसरून चालणार नाही. २० मार्चला महाडात आपल्या लोकांवर हल्ला झाला, तेवढ्यावर भागलं नाही. परतणाऱ्यांना वाटेत गाठून मारा, असे सांगावे खेड्यापाड्यांत धाडले गेले. म्हणजे परिषदेला जाण्यापेक्षा घरी परतणंच जास्त धोक्याचं होतं! एकट्यादुकट्याने जाण्याचे ते दिवस नव्हते.

डिसेंबरच्या सत्याग्रहाला तर मंडपाला जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. धरमतरला उतरून पुढे मोटारने महाड, ही नेहमीची वाट. पण मोटारवाल्यांनी आपल्याला बसवायचं नाही असं ठरवलं. तेव्हा बाबासाहेब दोनशेवर लोकांसह २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी थेट दासगावला उतरले. तिथून महाड पाच मैल. धरमतरला मोटारी होत्या, पण परक्यांच्या. दासगावला आपली माणसे वाट बघत उभी होती. वाट कुठून धरायची हे नकाशापेक्षा माणसांनी ठरवलं, असं मला वाटतं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोक गेले, ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर महासागर लोटला, तेही बरेचसे असेच, नातेवाईक आणि गाववाल्यांच्या सोबतीने. आजही सहा डिसेंबरला एकट्याने आलेला माणूस कमीच दिसतो.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या, खोल्याही विकल्या गेल्या. गावकी मात्र मोडली नाही, ती विहारात आली. सहा डिसेंबरला कुठे जमायचं, मे महिन्यात गावी कोणत्या गाडीने जायचं, याची बोलणी आता रविवारी वंदना झाल्यावर तिथल्याच सतरंजीवर होतात.