लष्करात कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना नेमकं काम काय असतं? आणि आत जायचं कुठून?

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी ‘आकाशतीर’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला. अनेकांना ते एखादं क्षेपणास्त्र वाटलं. पण आकाशतीर ही माहिती जोडणारी यंत्रणा आहे. वेगवेगळ्या रडारना काय दिसतंय ते एकत्र करायचं आणि हवाई संरक्षणाच्या तोफा-क्षेपणास्त्रांवर बसलेल्या जवानांना आकाशाचं एकच चित्र दाखवायचं, हे तिचं काम. म्हणजे बरंचसं सॉफ्टवेअर आणि नेटवर्क. त्यानंतर ओळखीतल्या बारावीच्या आणि इंजिनीअरिंगच्या मुलांनी मला एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: “दादा, कोडिंग येतं, तर आर्मीत जाता येईल का?”

जाता येईल. पण एक गोष्ट आधी समजून घ्या. आकाशतीर बनवलं बीईएलने, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने. ते चालवतं लष्कर. बनवणारे आणि चालवणारे ही दोन वेगळी करिअर आहेत, त्यांच्या परीक्षा वेगळ्या आणि रोजचा दिवसही वेगळा. यात घोळ झाला की दोन-तीन वर्षं चुकीच्या तयारीत जातात, आणि इथे वयाची मर्यादा कडक असते.

गणवेशातलं तांत्रिक काम

तुम्ही फोन लावता तेव्हा वायरलेस भाग असतो फक्त टॉवरपर्यंत; पुढे बहुतेक ठिकाणी जमिनीखालची फायबर. सीमेवरच्या डोंगरात टॉवर असेलच असं नाही, आणि असला तरी युद्धात त्याच्यावर विसंबता येत नाही. म्हणून लष्कर स्वतःचं नेटवर्क सोबत घेऊन फिरतं. हे काम कोअर ऑफ सिग्नल्सचं. हा विभाग 15 फेब्रुवारी 1911 ला स्थापन झाला.

नुसतं नेटवर्क उभं करून भागत नाही, कारण समोरचा ते ऐकायचा किंवा जाम करायचा प्रयत्न करत असतो. यावरचा एक उपाय तुमच्या खिशातच आहे. ब्लूटूथ इयरफोन लावता तेव्हा फोन एकाच चॅनेलवर बोलत नाही. क्लासिक ब्लूटूथमध्ये 79 चॅनेल असतात आणि फोन सेकंदाला 1600 वेळा त्यांच्यामध्ये उड्या मारतो. उड्यांचा क्रम फक्त फोन आणि इयरफोनला माहीत असतो. लष्करी रेडिओही याच तत्त्वावर चालतात, फक्त तिथे क्रम गुप्त ठेवणं हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. शत्रूच्या उड्या ओळखणं, त्याचा सिग्नल कुठून येतोय ते शोधणं, त्याच्या ड्रोनचं जीपीएस चकवणं, याला म्हणतात इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर. इलेक्ट्रॉनिक्स शाखेत ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’ कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं, विषय एकदम जिवंत होतो.

दुरुस्ती-देखभालीसाठी ईएमई ही वेगळी कोअर आहे. रणगाड्यातल्या नाइट व्हिजनपासून रडारपर्यंत सगळं तिच्याकडे. नेव्हीत इलेक्ट्रिकल शाखा असते, तिचं प्रशिक्षण जामनगरच्या आयएनएस वलसुरावर. एअर फोर्समध्ये एरोनॉटिकल इंजिनीअरिंग शाखेचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग. सायबरसाठी तिन्ही दलांची मिळून डिफेन्स सायबर एजन्सी आहे, तिथे दलातलेच लोक नेमले जातात.

आता खरी गोम. अधिकारी म्हणून गेलात तर तुम्ही आधी जवानांचे नेते असता, मग इंजिनीअर. हाताखाली तुकडी असते. त्यांची रजा, जनरेटरचं डिझेल, बर्फात वाकलेला अँटेना, सगळं तुमचं. दिवसभर दोन मॉनिटरसमोर बसणाऱ्या माझ्यासारख्याला हे काम जमलंच असतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. शिवाय कॉम्प्युटरची डिग्री आहे म्हणून सिग्नल्सच मिळेल याची हमी नाही. दुसरी कुठलीही शाखा मिळू शकते. अपवाद आहेत. 2020 मध्ये आलेलं लष्कराचं ‘साई’ हे मेसेजिंग अॅप सिग्नल्सच्याच एका कर्नलने तयार केलं होतं. पण रोज कोड लिहायला मिळेल या आशेवर फॉर्म भरू नका.

कुठल्या दारातून?

बारावीत पीसीएम असेल तर आर्मीची टीईएस आणि नेव्हीची बीटेक कॅडेट एंट्री. दोन्हींना जेईई मेन दिलेली हवी. टीईएसला पीसीएममध्ये किमान 60 टक्के, नेव्हीला 70 टक्के. इंजिनीअरिंगची डिग्री सरकारी खर्चाने होते. टीईएसवाल्यांचं शिक्षण पुण्याचं सीएमई, महूचं एमसीटीई किंवा सिकंदराबादचं एमसीईएमई इथे होतं.

बीई-बीटेक झालेल्यांसाठी (शेवटच्या वर्षातलेही चालतात) आर्मीत टीजीसी आणि एसएससी टेक. दोन्हींना वय 20 ते 27, आणि लेखी परीक्षाच नाही! डिग्रीच्या मार्कांवर यादी लागते आणि थेट एसएसबीचं बोलावणं येतं. मात्र टीजीसीच्या एका बॅचला जागा 30 च्या आसपास असतात, त्यामुळे कटऑफ चांगलाच चढतो. एसएससी टेकला जागा बऱ्याच जास्त. एअर फोर्ससाठी वर्षातून दोनदा होणारी एएफकॅट परीक्षा.

मुलींसाठी एसएससी टेक, नेव्ही आणि एएफकॅट खुल्या आहेत. टीईएस-टीजीसी आजवर मुलांपुरत्याच राहिल्या आहेत.

आपल्याकडे गावोगावी बीसीएस, बीसीए करणारी मुलं आहेत आणि त्यांना हे कुणी सांगत नाही: आर्मी-एअर फोर्सच्या टेक्निकल एंट्रीला नुसती बीसीए चालत नाही. नेव्हीच्या एसएससी आयटी एंट्रीला मात्र बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटरनंतर एमसीए केलेलं चालतं, कॉम्प्युटर-आयटीमधली एमएस्सीही चालते. दहावी किंवा बारावीला इंग्रजीत 60 टक्के लागतात, तेवढी मार्कशीट आधी काढून बघा.

आयटीआय, डिप्लोमा किंवा बारावी सायन्सवाल्यांना अग्निवीर टेक्निकल आहे. पहिली पायरी ऑनलाइन परीक्षा, धावणं नंतर. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये, त्यातले 30 टक्के सेवा निधीत जाऊन हातात 21,000. चार वर्षांनी सेवा निधी मिळतो आणि जास्तीत जास्त 25 टक्के मुलांनाच पुढे कायम ठेवलं जातं. बाकीच्यांना पंचविशीच्या आसपास परत नोकरी शोधायची असते. म्हणून माझं मत असं की या दाराने जाणाऱ्याने आधी डिप्लोमा पूर्ण करावा.

अधिकाऱ्यांचं बघायचं तर लेफ्टनंटचं मूळ वेतन 56,100 आणि वर 15,500 मिलिटरी सर्व्हिस पे, शिवाय भत्ते. पण एसएससीची नोकरी 10 वर्षांची, फार तर 14. त्यावर पेन्शन नाही. हे घरच्यांनाही आधीच सांगा.

एसएसबी

पाच दिवस. पहिल्याच दिवशी चाळणी, त्यात बरेच जण संध्याकाळी घरी. उरलेल्यांना चित्र बघून गोष्ट लिहिणं, ग्राउंडवरची गटाची कामं, मुलाखत. तुमचा गिटहब प्रोफाइल इथे फारसा उपयोगी नाही. दहा जणांत तुम्ही कसे वागता ते बघतात. महागडा क्लास लावण्याआधी नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र माहीत करून घ्या. राज्याचा सैनिक कल्याण विभाग तिथे महाराष्ट्रातल्या उमेदवारांची एसएसबीची तयारी मोफत करून घेतो, अगदी राहण्या-जेवणासकट. एसएसबीचं पत्र आलं की आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करायची.

गणवेश नको, पण हेच काम हवं

तर डीआरडीओ आणि बीईएल. डीआरडीओची बेंगळुरूमधली एलआरडीई प्रयोगशाळा रडार बनवते, केअर एआय आणि रोबोटिक्सवर काम करते. सायंटिस्ट ‘बी’ पदासाठी गेटचा स्कोअर आणि मुलाखत लागते. बीईएलचे कारखाने आपल्याकडे पुण्यात आणि तळोज्यात आहेत. कोडिंग किंवा सर्किट डिझाइन हीच आवड असेल तर माझ्या मते हे दार जास्त योग्य.

फॉर्म भरताना वेबसाइटच्या पत्त्याचा शेवट डॉट एनआयसी डॉट इन किंवा डॉट जीओव्ही डॉट इन आहे का ते तपासा. एएफकॅटची साइट पूर्वी सीडॅक डॉट इनवर असायची. “आत ओळख आहे, दोन लाखांत काम होईल” म्हणणारा टेलिग्रामवर भेटला तर पैसे आणि मूळ कागदपत्रं, दोन्ही जातात.

आणि हो, फोन. 2020 मध्ये आर्मीने जवान-अधिकाऱ्यांना 89 अॅप काढून टाकायला सांगितली होती. त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. भरती झाल्यावर कुठे पोस्टिंग आहे, कुठलं यंत्र हाताळता, यातलं काहीही स्टेटसला टाकता येत नाही. फोटोत लोकेशन साठवण्याची सेटिंग कॅमेऱ्यात बंद करायची सवय आत्तापासूनच लावून घ्या.