सोपाऱ्याचा खांब आणि बोरघाटाची वाट

कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आहेत. त्यांतल्या एका खांबावर तो दान देणाऱ्याचं नाव ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे: सातिमित, राहणार सोपारा. सोपारा म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळचं जुनं बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास ग्रीक खलाशांसाठी लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये सोपारा, कल्याण आणि चौल या तिन्ही बंदरांची नावं येतात. कार्ल्याचं चैत्यगृहही साधारण त्याच काळातलं. समुद्रकाठचा माणूस बोरघाट चढून मावळात येतो, डोंगरातलं लेणं बघतो आणि परत फिरतो, हा रिवाज किमान तेवढा जुना आहे.

जगभर आज या रिवाजाचा मोठा व्यवसाय झाला आहे. मेक्सिकोत कोझुमेल बेटाला पर्यटक-जहाज लागतं, प्रवासी काही तासांसाठी उतरतात, त्यातले हौशी लोक फेरीबोट आणि बस पकडून तुलूमचे माया अवशेष बघून येतात आणि भोंगा वाजायच्या आत जहाजावर परततात. मुंबई बंदराच्या बाबतीत हे काम दोन लेण्यांनी वाटून घेतलं. हाताशी चार तास असतील तर घारापुरी, आख्खा दिवस असेल तर कार्ले. अर्थात घाटाची वाट इतकी सोपी व्हायला फार काळ आणि फार माणसं खर्ची पडली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही एका दिवसाची गोष्ट नव्हतीच. मुंबईहून भरती साधून होडीनं पनवेल गाठायचं, तिथून पालखीत बसून खोपोलीला यायचं. नाना फडणविसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ ही तिथली विसाव्याची जागा. पुढे घाटाची खडी चढण. 1804 मध्ये व्हायकाउंट व्हॅलेन्शिया हा इंग्रज उमराव याच बाजूनं पुण्याला गेला. त्याच्यासोबत हेन्री सॉल्ट हा चित्रकार होता. 1809 च्या अखेरीस मारिया ग्रॅहम कार्ल्याला आली आणि तिनं आपल्या रोजनिशीत लेण्याचं मोठ्या आपुलकीनं वर्णन केलं. हिंदुस्थानात येऊन पडलेली एक तरुण बाई राजकारण आणि मेजवान्या सोडून पाषाणातल्या कोरीवकामाकडे इतक्या बारकाईनं बघते, याचं आजही कौतुक वाटतं. मात्र तिला खांद्यावर वाहून नेणाऱ्या भोयांची नावं तिच्या वाचकाला कुठेच भेटत नाहीत. त्या काळच्या बहुतेक प्रवासवर्णनांची हीच कथा आहे.

1830 च्या 10 नोव्हेंबरला गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि चाकावरची वाहनं घाट चढू लागली. रेल्वे आली ती तुकड्यातुकड्यांनी. 1856 मध्ये ती खोपोलीपर्यंत पोचली, 1858 मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा पट्टा सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. पाच वर्षं प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरत, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून खंडाळ्याला येत आणि पुन्हा गाडीत बसत.

तो मधला तुकडा म्हणजे पंधराएक मैलांत 1,831 फुटांची चढण. सगळ्यात खड्या भागात चढ इतका तीव्र, की 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. त्यासाठी 25 बोगदे खोदावे लागले. मध्ये एका ठिकाणी डोंगराची कड संपल्यामुळे गाडी उलटी फिरवावी लागे: इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि मग पुढची चढण. पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. 1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून कामगार खवळले आणि दंगल झाली; त्याच वर्षी फॅव्हिएलनं काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येऊन काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं कंत्राट अंगावर घेतलं आणि दोन अभियंत्यांच्या मदतीनं ते तडीस नेलं. 1861 मध्ये कामाच्या भरात घाटात सुमारे 42,000 माणसं राबत होती. कॉलऱ्यानं आणि अपघातांनी त्यातली किती गेली, त्यांची गावं कोणती, मागे कोण राहिलं, हे कुठल्याही दगडावर लिहिलेलं नाही. 1863 च्या 21 एप्रिलला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मार्गाचं उद्घाटन केलं.

त्यानंतर सहा वर्षांनी सुएझ कालवा उघडला आणि विलायतेचं जहाज थेट मुंबईला येऊ लागलं. 1872-73 मध्ये थॉमस कुकनं पर्यटकांची पहिली टोळी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यांच्या वाटेवर हिंदुस्थान होताच. मरे कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या मार्गदर्शक पुस्तकात तर 1859 पासूनच कार्ल्याला जागा होती. आता बोरीबंदरला गाडीत बसायचं, लोणावळ्याला उतरायचं, तट्टू किंवा टांगा करून लेण्याच्या पायथ्याशी यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. बंदरावरच्या माणसाला मावळ प्रथमच एका दिवसात आवाक्यात आला.

लोणावळ्याचं आजचं रूप याच रेल्वेनं घडवलं. चिक्कीचंच बघा. घाटातल्या कामगारांना शेंगदाणे आणि गुळाची गुडदाणी विकणाऱ्या दुकानातून हा धंदा वाढला, असं इथले जुने चिक्कीवाले सांगतात. मेहनतीच्या माणसाचा तो खाऊ होता. पर्यटकांनी तो पुढे पुडक्यात घालून घरी नेला. मुंबईची गरज एवढ्यावर थांबली नाही. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवत्याला धरणं बांधली. तिथलं पाणी घाटाखाली सोडून 1915 मध्ये खोपोलीला वीज तयार झाली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. 1930 च्या 1 जूनला दख्खनची राणी धावू लागली, तोवर घाटात विजेची इंजिनंही आली होती आणि गाडी उलटी फिरवण्याची जागा इतिहासजमा झाली होती. 1945 मध्ये आरमाराच्या अभियंत्यांचं ‘शिवाजी’ हे शिक्षणकेंद्र लोणावळ्यात उभं राहिलं. जहाजाची इंजिनं चालवायला शिकण्यासाठी नौसैनिक आजही घाट चढून येतात.

पण समुद्राशी मावळाचं सगळ्यात घट्ट नातं साहेबांनी जोडलेलं नाही. लेण्याच्या दाराशीच आई एकवीरेचं देऊळ आहे आणि ती कोळ्यांची, आगऱ्यांची कुलदेवता. चैत्रात मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावरून कोळीवाड्यांच्या पालख्या निघतात. चैत्र शुद्ध सप्तमीला देवीची पालखी असते, वेहेरगावच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. बँडबाजा, गुलाल, डोक्यावर टोपी आणि अंगावर ठेवणीतले दागिने. होडी किनाऱ्याला लावून एक-दोन दिवसांसाठी डोंगर चढणारे हे दर्यावर्दी आहेत. बंदरातून कार्ल्याला येणाऱ्यांचा इतिहास लिहायचा तर पहिला मान त्यांचा. इंग्रजी प्रवासवर्णनांत त्यांच्या वाट्याला जेमतेम ओळ-दोन ओळी येतात.

मुंबईत जहाजातून उतरणारे आजचे बहुतेक पाहुणे शहर आणि घारापुरी बघून परततात. ज्याच्याकडे पूर्ण दिवस आहे, त्यानं पहाटेची इंद्रायणी पकडावी, लोणावळ्याला उतरून लोकलनं मळवलीला यावं आणि ऊन चढायच्या आत पायऱ्या चढाव्यात. आत गेल्यावर छताच्या लाकडी फासळ्या आणि स्तूपावरची लाकडी छत्री सगळेच दाखवतात. त्या बघाव्यातच, दोन हजार वर्षं टिकलेलं लाकूड दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही. पण तिथे कोरलेले लेखही माहितगाराकडून वाचून घ्यावेत. वैजयंतीचा शेठ भूतपाल आपलं हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचं अभिमानानं सांगतो. धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले खांब आहेत, आणि सोपाऱ्याच्या सातिमिताचाही. दर्शनी भागाजवळच्या एका लेखात त्याच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, वेणुवासाचा मुलगा, ज्यानं हे प्रवेशद्वार घडवलं. राजाच्या जावयाचं दान ज्या लेण्यात नोंदलं गेलं, त्याच लेण्यात सुताराचं नाव त्याच्या बापाच्या नावासकट नोंदलं गेलं.