सतरावे नाव

‘कॉकस’ हा शब्द मूळचा अमेरिकेच्या राजकारणातला. निवडणुकीत कोणाला उभे करायचे, कोणाला घरी बसवायचे, हे आधीच आपसांत ठरवणारी बैठक म्हणजे कॉकस. १९०७ साली तो मुंबईत गाजला, सर फिरोजशहा मेहतांमुळे.

मेहता १८८४ आणि १८८५ असे लागोपाठ दोनदा मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, १९०५ मध्ये पुन्हा. अध्यक्ष निवडत सभासदच, म्हणजे आधी सभागृहात शिरणे आले. १८८८च्या कायद्याने तिथे ७२ जागा होत्या. ३६ करदात्यांच्या, १६ सरकारनियुक्तांच्या, १६ ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींनी निवडायच्या. उरलेल्या चार विद्यापीठ आणि व्यापारी मंडळाकडे. मेहता येत ते जस्टिसांच्या मतांवर. आणि जस्टिस नेमणार कोण? सरकार! सगळी मेख इथेच आहे, असे मला वाटते.

अकाउंटंट जनरल हॅरिसन, पोलीस कमिशनर गेल आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांच्या गटाने सोळा जागांसाठी नेमकी सोळा नावे पुढे केली. मेहतांचा पालिकेतला दरारा त्यांना मोडायचा होता. सोळाही निवडून आले. मेहता सतरावे.

पण त्या सोळांतल्या एकाचा पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध निघाला. न्यायालयाने त्याची निवड रद्द केली आणि पुढच्या क्रमांकाचे मेहता आत आले. ज्या कायद्याने त्यांना तारले, त्याच्या घडणीत विधिमंडळात तेलंगांबरोबर त्यांचाही हात होता.

आमच्या इटियाडोह परिसरातल्या वाचकाला हे कलम परके वाटू नये. ग्रामपंचायतीच्या कामात वाटा असलेल्या सदस्याला अपात्र ठरवणारे कलम १४ त्याच जातीचे. चावडीवर त्याचा उल्लेख निघतो तो बहुधा कोणाला पाडायचे असते तेव्हाच; पण ती तक्रार वेगळी.

१९०७च्या निकालाला मेहतांचा विजय म्हणायला माझे मन धजत नाही. १८७२पासून पालिकेत वावरलेला माणूस मतांनी हरला होता, आणि ती मते घरपट्टी भरणाऱ्या मुंबईकराची नव्हतीच. करदात्यांच्या ३६ जागांकडे त्यांनी तेव्हा तरी वळायला हवे होते. पालिकेतले त्यांचे वजन मात्र १९१५ साली मृत्यू येईपर्यंत टिकले. पुतळा १९२३ मध्ये पालिकेच्या इमारतीसमोर उभा राहिला. हॅरिसनचे नाव आज निघते ते या निवडणुकीपुरतेच.