सर्पगंधा : गुण आणि धोका

“झाडपाल्याचेच तर औषध, गुण आला तर आला, अपाय तर नाही ना!” असे आपण बायका सहज म्हणून जातो. सर्पगंधेचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज किती फसवा आहे ते कळते.

सर्पगंधेची मुळी आपल्या देशात फार पूर्वीपासून झोपेसाठी व वेडाच्या झटक्यावर देत असत. बिहारकडे तर तिला ‘पागल की दवा’ असेच नाव पडले होते. 1931 साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी या मुळीतील द्रव्ये वेगळी केली. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा वेडावर व वाढलेल्या रक्तदाबावर होणारा उपयोग प्रसिद्ध केला. पुढे 1949 साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील लेख इंग्लंडातील हृदयरोगाच्या मासिकात आला आणि आपली ही मुळी जगभर गाजली. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे मुख्य द्रव्य काढण्यात आले. 1955 साली लंडनच्या डेव्हीस व शेफर्ड या डॉक्टरांनी चिंतेने ग्रासलेल्या रोग्यांवर ते वापरून पाहिले, तेव्हा बनावट गोळीपेक्षा त्याने अधिक आराम पडलेला दिसला. येथवर झाली गुणाची बाजू.

आता दुसरी बाजू. मेंदूतील मज्जातंतूंच्या टोकांशी काही द्रव्यांचा साठा असतो. रेसर्पिन तो रिकामा करते. म्हणूनच धडधड कमी होते, मन शांत होते. पण त्याच कारणाने रक्तदाब फार उतरणे, सुस्ती, नाक चोंदणे, हातापायांना कंप सुटणे हेही घडते. रक्तदाबासाठी हे औषध घेणारे काही रोगी अतिशय खिन्न झाले, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ लागले. ही खिन्नता औषधानेच येते की काय, यावर पुढे तज्ज्ञांत मतभेद झाले. पण मुळात खिन्न असलेल्याला ते देऊ नये, हा इशारा कायम राहिला. नव्या औषधांपुढे आज रेसर्पिन मागे पडले आहे.

मुळीची पूड मात्र अजून मिळते. एका मुळीत द्रव्य कमी तर दुसरीत जास्त, त्यामुळे चिमूटभर म्हणजे किती हे घरी ठरवता येत नाही. गुण सावकाश येतो, म्हणून घाईने मात्रा वाढवली जाते. आणि पूड बंद केली तरी परिणाम बरेच दिवस टिकतो. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसेच रक्तदाबाची वा मनाच्या आजाराची औषधे चालू असलेल्यांनी तर ती आपल्या मनाने घेऊच नये.

झोप उडाली, जिवाला घोर लागला, तर ते लपवून पुडी आणण्यात शहाणपण नाही. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, आणि वैद्यांकडचे काही घेत असल्यास तेही सांगावे, एवढीच आपल्या भगिनींना विनंती.