शेवटचे २०० मीटर : टूर दि फ्रान्समधील ३५ टप्प्यांचा विक्रम

टूर दि फ्रान्स ही तीन आठवडे चालणारी, २१ टप्प्यांची सायकल शर्यत. एकूण वेळ सर्वांत कमी लागलेला खेळाडू पिवळी जर्सी नेतो. पण रोजच्या टप्प्याचा विजेताही वेगळा असतो. सर्वाधिक टप्पे जिंकण्याचा विक्रम ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशच्या नावावर आहे : ३५.

कॅव्हेंडिश हा स्प्रिंटर, म्हणजे सपाट रस्त्यावर शेवटच्या धडकेत जिंकणारा. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' ठरतो, त्याच्या अगदी उलट जातीचा. यात सगळा खेळ वाऱ्याचा. पुढचा गडी वारा अंगावर घेतो, मागच्याला तोच वेग कमी ताकदीत मिळतो. म्हणून सहकारी एकामागे एक लागून त्याला आडोशाने नेतात आणि दम संपला की बाजूला सरकतात. साधारण २०० मीटर उरले की स्प्रिंटर आडोसा सोडून निघतो. तेव्हा वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर असतो. लवकर निघाला तर वारा मारतो, उशीर केला तर वाटच बंद. ऑस्ट्रेलियाचा मार्क रेनशॉ त्याला असा आणून सोडायचा. हे श्रेय आकड्यांत दिसत नाही.

२००८ ते २०१६ या काळात कॅव्हेंडिशने ३० टप्पे जिंकले. त्यातले सहा एकट्या २००९ सालचे. नंतर आजारपण आलं. २०१८ मध्ये तर डोंगरातल्या टप्प्यावर ठरलेल्या वेळेत पोचला नाही म्हणून शर्यतीबाहेर गेला. स्प्रिंटरची खरी परीक्षा तिथंच असते : चढ जिंकायचा नसतो, पण वेळेत पार करावाच लागतो. २०२१ मध्ये जखमी सहकाऱ्याच्या जागी ऐनवेळी संधी मिळाली, आणि गड्याने चार टप्पे मारले. बेल्जियमच्या एडी मर्क्सच्या ३४ टप्प्यांशी बरोबरी झाली. २०२३ मध्ये पडून गळपट्टीचं हाड मोडलं. निवृत्ती जाहीर केली होती, ती एक वर्ष पुढे ढकलली. अखेर ३ जुलै २०२४ रोजी सेंट वुल्बास इथं, वयाच्या ३९ व्या वर्षी, पस्तिसावा टप्पा मिळाला.

मर्क्सचे ३४ मात्र १९६९ ते १९७५ मधले. चढ, सपाट, एकट्याने घड्याळाविरुद्ध, सगळ्या प्रकारचे. शिवाय त्याने टूर पाच वेळा जिंकली, कॅव्हेंडिशने एकदाही नाही.