शहाद्याचे अंबरसिंग महाराज

अंबरसिंग सुरतवंती हे शहादा परिसरातील भिल्ल समाजाचे पुढारी. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत, आणि या 'महाराज'मागे मोठी परंपरा होती. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी 1930 नंतरच्या दशकात दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणा, अशी शिकवण दिली आणि त्यांच्या आरतीला हजारो आदिवासी जमू लागले. ज्यांना गावात कोणी 'अरे-तुरे'खेरीज हाक मारत नसे, त्यांच्यासाठी तो एक शब्दच मोठा होता. भजन आणि सर्वोदयी विचार यांतून घडलेल्या अंबरसिंगांनी हाच मान जमिनीच्या आणि मजुरीच्या प्रश्नापर्यंत नेला.

तापीकाठची काळी जमीन कर्जापायी आणि कागदपत्रांच्या फेरफारांत आदिवासींच्या हातून गेली होती. मूळ मालकांपैकी अनेक जण त्याच शेतांवर सालदार झाले. सालदाराने वर्षाच्या सुरुवातीला उचल घ्यायची आणि वर्षभर मालक सांगेल ते काम करायचे. खाडे आणि व्याज धरून साल संपताना उचल फिटलेली नसे. मग तोच करार पुन्हा.

मे 1971मध्ये म्हसावदजवळच्या पाटीलवाडीत धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि त्यात एकाचा जीव गेला. या घटनेने शहाद्याचा प्रश्न राज्यभर पोहोचला. 30 जानेवारी 1972 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीला, शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली. गेलेली जमीन परत मिळावी आणि सालदाराला माणसासारखे वागवावे, या मागण्या उघड सभेत मांडल्या गेल्या. शहरांतून आलेले तरुण कार्यकर्ते सोबत आले आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. मात्र त्यांच्या येण्याआधी पाड्यापाड्यांत विश्वास कमावला होता तो अंबरसिंगांनी. बाहेरच्या माणसाला तिथे दार उघडले गेले, ते त्यांच्या शब्दावर.

या लढ्याचा सर्वांत तेजस्वी भाग स्त्रियांचा. दुष्काळाच्या त्या काळात रोजगारासाठी निघालेल्या मोर्च्यांत त्या पुढे असत. पुढे त्यांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. गुलाम महाराजांनी उपदेश करून दारू सोडायला सांगितली होती. इथे बायांनी ती स्वतःच्या हाताने बंद पाडायला घेतली.

अंबरसिंगांचे 1974 साली निधन झाले. हस्तांतरित झालेल्या जमिनी अनुसूचित जमातींना परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर, 1975मध्ये अमलात आला. संघटनेचे काम पुढेही चालू राहिले. तिच्यातून आलेले वाहरू सोनवणे कवी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्या वेळी धुळे जिल्ह्यात असलेला शहादा तालुका 1 जुलै 1998पासून नंदुरबार जिल्ह्याचा भाग आहे.