गोणपाटाचा तुकडा आणि मागचा बाक

धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून १८५६ च्या जून महिन्यात एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने त्याचा हक्क तत्त्वतः नाकारला नाही. मात्र एकाला आत घेतले तर बाकीचे निघून जातील आणि शाळाच ओस पडेल, हे कारण पुढे करून त्याला दाराबाहेर ठेवले. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन कमिशनला जे निवेदन दिले त्यात या प्रकरणाची दखल आहे. आपल्या कार्यकर्त्यांना ते ठाऊक असते. नवी मुंबईत मास्तरकी करताना मला ते आठवते ते वेगळ्या कारणाने. अपंग मुलाचा बाप शाळेच्या कचेरीत उभा राहिला की त्याला ऐकवले जाते, "एका पोरासाठी चाळीस पोरांचे नुकसान कसे करायचे?" दीडशेहून अधिक वर्षे लोटली, युक्तिवाद तोच.

जात आणि अपंगत्व एकच आहेत असे मी म्हणत नाही. जात माणसांनी रचली. बहिरेपण शरीरात असते. परंतु नको असलेल्या मुलाला शाळा ज्या रीतीने बाहेर ठेवते ती रीत या व्यवस्थेने आधी आपल्यावर गिरवून घेतली आहे. म्हणून या प्रश्नावर बोलण्याचा आपला अधिकार अधिक आहे आणि जबाबदारीही.

अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या तशाच अपंगांसाठीही निघाल्या. मुंबईत १८८५ च्या सुमारास ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा सुरू झाली. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंधांची शाळा काढली. जिथे काहीच नव्हते तिथे या शाळांनी अक्षर दिले, हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. पण ज्ञान दयेपोटी मिळत होते, हक्क म्हणून नव्हे. आणि गावची शाळा होती तशीच राहिली. इथे शाहू महाराजांकडे पाहावे. १९१९ साली त्यांनी करवीर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वसाधारण शाळांत बसवली. पण १९०८ पासून चाललेले मिस क्लार्क वसतिगृह काही त्यांनी मोडले नाही. वेगळेपणाची भिंत पाडायची आणि आधाराचा खांब ठेवायचा, असा तो विचार होता. आज "विशेष शाळा की सर्वसाधारण शाळा" असा वाद घालणारे विद्वान भिंत आणि खांब यांतला हा फरकच विसरतात.

संविधानाच्या पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास बंदी आहे. त्या यादीत अपंगत्व नाही. ते आले एकेचाळिसाव्या कलमात, मार्गदर्शक तत्त्वांत, जिथून न्यायालयात जाता येत नाही. पुढे १९७४ ची केंद्राची एकात्म शिक्षण योजना, १९९५ चा कायदा, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती आणि २०१६ चा नवा कायदा असे टप्पे आले. प्रवेश नाकारणे आता बेकायदा आहे. परंतु बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत प्रवेश मिळालेलाच होता! घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसायचे आणि शिपाई हजर नसेल तर तहानेले राहायचे, अशा अटींवरचा तो प्रवेश होता. हजेरीपटावर नाव आणि मागच्या बाकावर मूल, ही त्याचीच आजची आवृत्ती.

सिडको १९७० साली स्थापन झाली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर आखले गेले. सेक्टर झाले, शाळांचे भूखंड झाले, ते खासगी संस्थांना गेले. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत कारखान्यांच्या आणि दगडखाणींच्या कडेला मात्र दुष्काळी मुलखातून आलेल्या मजुरांच्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्या कोणत्याच नकाशात नव्हत्या. त्यांत आपली माणसे किती, हे सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींमध्ये अपंगांचे प्रमाण २.४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती वगळून इतरांत २.१८ टक्के आढळले. उपासमार, अंगमेहनत आणि वेळेवर न मिळालेले औषध यांचा या फरकाशी संबंध नाही, असे कोण म्हणेल?

अशाच वस्तीतली एक मुलगी चौथीपर्यंत "ढ" म्हणून पुढे ढकलली गेली. "यांच्या डोक्यात शिरतच नाही," असे शिक्षक म्हणत. "यांच्या" या शब्दाचा अर्थ वर्गाला कळत असे. कान तपासल्यावर निघाले की तिला एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने अर्धेच. जातीने उत्तर आधीच देऊन ठेवले होते, म्हणून प्रश्न विचारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. तिकडे सेक्टरातल्या इंग्रजी शाळेतले मूल अडखळले तर पालक त्याला तपासणीला नेतात, दाखला आणतात, परीक्षेत जादा वेळ मिळवतात. एकाच्या अडचणीला शास्त्रीय नाव मिळते, दुसरीच्या अडचणीला तिची जात.

नावावरून आठवले. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी "दिव्यांग" हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदांवर चढला. "हरिजन" ऐकलेल्यांना या दिव्यत्वाची भुरळ पडू नये. मी अपंग असेच लिहितो.

नवी मुंबई महापालिकेचे एक काम मात्र नोंदवलेच पाहिजे. वाशीला तिने अपंग शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र उभे केले. लोक त्याला ईटीसी म्हणतात. अंध, कर्णबधिर, मतिमंद, स्वमग्न अशा मुलांसाठीचे हे काम कोणा धर्मादाय संस्थेवर न सोपवता महापालिकेने स्वतःच्या अंगावर घेतले, हे मला मोलाचे वाटते. हा खरा खांब आहे. परंतु केंद्र वाशीत आणि वस्ती दिघ्यात. पोराला घेऊन जाणाऱ्या आईची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तज्ज्ञ शिक्षक रोजच्या शाळेतच हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली त्याचे प्रमाणही ठरवून दिले: प्राथमिक स्तरावर दहा अपंग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. महाराष्ट्रात हे शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर राबले, एकेकाच्या गळ्यात अनेक शाळा. ज्या दिवशी तो येत नाही त्या दिवशी ते मूल वर्गात नुसते बसून असते. साताऱ्याला शिपाई आला नाही की पाणी नसे.

२०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरीच शिकण्याची मुभा दिली. ती निवड त्या मुलाची आणि त्याच्या आईबापांची असायला हवी. किती मुलांची नावे त्या यादीत आहेत आणि तो कागद कोणी भरला, हे आपापल्या भागातल्या शाळांत जाऊन कार्यकर्त्यांनी विचारावे.